छोटी फटाकडी की बेलॉनची फटाकडी : ओळख पटवण्याची क्रमवार पद्धत

दलदलीच्या काठावर निळसर करड्या छातीचा आणि तपकिरी पाठीचा एक लहानसा पक्षी काही सेकंद दिसतो आणि पाणकणसात नाहीसा होतो. निरीक्षक लगेच पुस्तक उघडतो, चित्रांशी आठवण जुळवतो आणि ‘छोटी फटाकडी’ अशी नोंद करून मोकळा होतो. अशा नोंदी नंतर तपासल्या की त्यांतील बऱ्याच नोंदी बेलॉनच्या फटाकडीच्या निघतात, आणि उरलेल्यांपैकी अनेकांबद्दल काहीच ठरवता येत नाही, कारण नेमके जे पाहायला हवे होते ते कोणी पाहिलेलेच नसते. या दोन पक्ष्यांच्या बाबतीत रंग हा सर्वांत आधी डोळ्यांत भरणारा आणि सर्वांत जास्त फसवणारा पुरावा आहे. पक्ष्याची ठेवण, म्हणजे पंख, शेपटी आणि शरीर यांचे परस्परप्रमाण, हा खरा पुरावा असून तो योग्य क्रमाने पाहिला तरच हाती लागतो. पुढील टप्पे त्या क्रमाने दिले आहेत आणि ते त्याच क्रमाने वापरावेत.

टप्पा १ : जाण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम नावांचा घोळ मिटवून घ्यावा. छोट्या फटाकडीचे शास्त्रीय नाव झापोर्निया पार्व्हा आणि बेलॉनच्या फटाकडीचे झापोर्निया पुसिला असे आहे. जुन्या पुस्तकांत हे दोन्ही पक्षी पोर्झाना या नावाखाली आढळतात, त्यामुळे चित्रे आणि ध्वनिमुद्रणे शोधताना दोन्ही नावांनी शोध घ्यावा. ठिपकेवाली फटाकडी मात्र आजही पोर्झाना पोर्झाना याच नावाने ओळखली जाते.

त्यानंतर आपण जिथे जाणार आहोत तिथे यांपैकी कोणता पक्षी असण्याची शक्यता अधिक आहे हे पाहून ठेवावे. छोटी फटाकडी मुख्यतः पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यात वीण करते आणि हिवाळ्यात आफ्रिकेत व दक्षिण आशियाच्या पश्चिम भागात उतरते. बेलॉनच्या फटाकडीचा पसारा याहून कितीतरी मोठा आहे. युरोपात ती तुरळक आहे, पण आशियाच्या फार मोठ्या भागात, आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही ती आढळते, आणि हिवाळ्यात दक्षिण व आग्नेय आशियात येते. म्हणूनच भारतीय उपखंडाच्या बहुतेक भागांत दिसलेली इवलीशी फटाकडी बेलॉनची असण्याचीच शक्यता जास्त धरावी आणि छोटी फटाकडी म्हणण्यासाठी अधिक भक्कम पुरावा मागावा. मात्र शक्यता म्हणजे निर्णय नव्हे. दोन्ही पक्षी रात्री स्थलांतर करतात आणि थकल्यावर एखाद्या लहानशा डबक्यावर किंवा पाण्याच्या चरातही उतरतात, त्यामुळे केवळ ‘इथे ती येत नाही’ एवढ्या कारणावरून कोणतेही नाव खोडून टाकू नये.

तिसरी तयारी पिसांच्या नावांची. मिटलेल्या पंखाचा बराचसा भाग ज्या रुंद, लांब पिसांनी झाकलेला असतो ती तृतीयक पिसे. त्यांच्या खालून मागच्या बाजूस डोकावणारी निमुळती, गडद टोके ही प्राथमिक उड्डाणपिसांची. तृतीयक पिसांच्या पलीकडे प्राथमिक पिसांचा जेवढा भाग दिसतो त्याला या लेखात आपण ‘पंखटोक’ म्हणू. या पिसांची जागा नीट लक्षात राहावी यासाठी आधी सहज दिसणाऱ्या पक्ष्यांवर सराव करावा. एखादी पाणकोंबडी किंवा तुतवार निवांत उभी असताना तिची तृतीयक पिसे कुठे संपतात आणि पुढे किती टोके मोजता येतात हे दुर्बिणीतून शोधावे. हा सराव न करता थेट फटाकडी शोधायला जाणे हे चुकीच्या नोंदींचे पहिले कारण आहे.

साहित्य फारसे लागत नाही. आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण, शक्य असल्यास तिवईवरची मोठी दुर्बीण, वही, पेन्सिल आणि बसण्यासाठी पाणी न शोषणारी बैठक एवढे पुरे.

तपासणी : घरातून निघण्यापूर्वी पुस्तक न पाहता मिटलेल्या पंखाची आकृती काढून तृतीयक आणि प्राथमिक पिसे दाखवता आली पाहिजेत. ती दाखवता येत नसतील तर तयारी अपुरी आहे.

टप्पा २ : जागा आणि वेळ निवडणे

फटाकडी घनदाट वनस्पतींच्या आत दिसत नाही. ती दिसते ती कडेला. पाणकणीस, देवनळ किंवा लव्हाळे जिथे संपतात आणि उघडा चिखल किंवा उथळ पाणी जिथे सुरू होते, त्या अरुंद पट्टीवर ती कीटक, त्यांच्या अळ्या, बारीक गोगलगायी आणि बिया टिपायला बाहेर येते. त्यामुळे संपूर्ण पाणथळ जागा नजरेखालून घालण्यापेक्षा अशी एकच पट्टी निवडावी. पाण्याची पातळी नुकतीच खाली गेलेली असेल तर ओला चिखल उघडा पडतो आणि ती पट्टी अधिक रुंद होते, म्हणून पातळी उतरत असतानाचे दिवस सर्वांत चांगले असतात.

दोन्ही पक्ष्यांच्या आवडीत थोडा फरक आहे. छोटी फटाकडी खोल पाण्यात उभ्या असलेल्या उंच वनस्पती पसंत करते, मोडून पडलेल्या काड्यांवरून आणि तरंगत्या पानांवरून चालते आणि पोहतेही सहज. बेलॉनची फटाकडी उथळ पाणी आणि बुटक्या, दाट गवतासारख्या वनस्पती पसंत करते. स्थलांतराच्या आणि हिवाळ्याच्या काळात हा फरक पुसट होतो, त्यामुळे जागा शोधण्यासाठी त्याचा उपयोग करावा, पण ओळखीचा पुरावा म्हणून करू नये.

वेळ सूर्योदयापूर्वीपासून सकाळचे पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तास-दीड तास. ढगाळ दिवशी हालचाल दिवसभर चालू राहू शकते. वारा असेल तर काड्या सतत हलतात, पक्षी आतच राहतो आणि आपल्यालाही काही ऐकू येत नाही. असा दिवस सोडून दिलेला बरा.

टप्पा ३ : बसणे आणि वाट पाहणे

सूर्य पाठीशी येईल आणि निवडलेली पट्टी समोर आडवी पसरेल अशी जागा घ्यावी. पक्षी आपल्याकडे तोंड करून किंवा पाठ फिरवून चालला तर पंखटोक दिसत नाही. तो बाजूने, म्हणजे डावीकडून उजवीकडे किंवा उलट चालला तरच मोजता येते, आणि बैठकीची जागा ठरवताना हाच विचार सर्वांत महत्त्वाचा आहे. उजेड होण्यापूर्वीच जागेवर पोहोचावे, उभे राहण्यापेक्षा खाली बसावे आणि मागे झुडूप किंवा बांध असेल असे पाहावे, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसत नाही.

नजर काड्यांवर न ठेवता काड्यांमधल्या फटींवर ठेवावी. पट्टीतील पाच-सहा मोकळ्या फटी मनात पक्क्या कराव्यात आणि पाळीपाळीने त्याच पाहत राहाव्यात. फटाकडी एका आडोशातून दुसऱ्या आडोशात जाताना त्या फटींतूनच जाते, आणि एकदा एका वाटेने गेली की बहुधा त्याच वाटेने परत येते. पहिल्या दर्शनात फक्त वाट लक्षात ठेवून दुर्बीण त्या फटीवर आधीच स्थिर करून ठेवली, तर दुसऱ्या दर्शनाचा प्रत्येक क्षण कामी येतो.

सावधान : पक्षी बाहेर यावा म्हणून वनस्पतींत शिरणे, दगड मारणे, दोरी ओढणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे यांपैकी काहीही करू नये. त्यामुळे पक्ष्याची शक्ती वाया जाते, विणीच्या काळात घरटे सोडले जाण्याचा धोका निर्माण होतो, आणि उठवलेली फटाकडी लटकणाऱ्या पायांनी चार पावले उडून पुन्हा आत पडते, ज्यात ओळखीचे एकही लक्षण धड दिसत नाही. चिखलाची खोली माहीत नसलेल्या ठिकाणी एकट्याने उतरणे तर जिवावर बेतू शकते.

टप्पा ४ : आधी इतर सर्वांना वगळणे

पक्षी दिसला की तो या दोघींपैकीच आहे हे गृहीत धरू नये. खालील क्रमाने वगळत जावे, म्हणजे एकेका नजरेत निर्णय होतो.

१. चोच पाहावी. डोक्यापेक्षा लांब, किंचित वाकलेली आणि लालसर चोच असेल तर ती पाणफटाकडी आहे. छोटी आणि बेलॉनची, या दोन्ही फटाकड्यांची चोच आखूड आणि सरळ असते.

२. शेपटीखालचा भाग पाहावा. तिथे काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या असतील तर पुढे जावे. तिथे पट्ट्या नसलेला फिकट बदामी रंग असेल आणि छाती व मानेवर पांढरे ठिपके असतील तर ती ठिपकेवाली फटाकडी आहे. तिच्या पिवळसर चोचीच्या मुळाशी लाल-नारिंगी डाग असतो, आणि नेमका हाच डाग पाहून तिला छोटी फटाकडी ठरवले जाते. तिच्या पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी रेघही असते. शेपटीखाली दोन्ही बाजूंना पांढरा आणि मध्ये काळा रंग असेल, आणि कुशीवर पांढरी रेघ असेल, तर तो पाणकोंबडीचा पक्षी आहे, मग तो कितीही लहान वाटो.

३. पाय पाहावेत. लाल पाय आणि तांबूस छाती म्हणजे लाल छातीची फटाकडी.

४. संपूर्ण काळे, लोकरीसारखे पिल्लू दिसले तर थांबावे. या कुळातील बहुतेक सर्व पक्ष्यांची पिल्ले काळीच असतात, आणि पांढऱ्या छातीच्या पाणकोंबडीची पिल्ले अनेकदा दुर्मीळ फटाकडी म्हणून नोंदवली जातात.

आकाराविषयी एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. छोटी फटाकडी साधारण १८ ते २० सेंटिमीटर आणि बेलॉनची साधारण १६ ते १८ सेंटिमीटर असते, पण हा फरक मैदानात एकटा पक्षी पाहून कधीही वापरता येत नाही. शेजारी तुतवार किंवा धोबी उभा असेल तर ‘ही लहान फटाकडी आहे’ एवढे ठरवण्यापुरता आकाराचा उपयोग होतो. त्यापुढे नाही.

टप्पा ५ : पंखटोक मोजणे

हा संपूर्ण ओळखीचा कणा आहे. पक्षी बाजूने उभा किंवा चालत असताना तृतीयक पिसांचे सर्वांत मागचे टोक शोधावे, आणि त्याच्या पलीकडे प्राथमिक पिसांची किती टोके एकामागोमाग एक दिसतात ते मोजावे.

छोट्या फटाकडीचे पंखटोक लांब असते. सहसा पाच किंवा त्याहून अधिक टोके दिसतात आणि पंख शेपटीच्या मुळाच्या बराच पुढे पोहोचतो. शेपटीही लांब असते. या दोन्हींमुळे पक्ष्याचा मागचा भाग लांबट, निमुळता दिसतो आणि एकूण आकृती एखाद्या सडपातळ, लहानशा पाणकोंबडीसारखी वाटते.

बेलॉनच्या फटाकडीचे पंखटोक आखूड असते. दोन-तीन, फार तर चार टोके दिसतात, तीही जवळजवळ चिकटलेली. शेपटी आखूड असल्याने पक्षी गोलसर आणि मागून अचानक संपल्यासारखा दिसतो.

हे मोजमाप चुकण्याची तीन ठरावीक कारणे आहेत. पहिले, पक्षी पंख किंचित सैल सोडून चालत असेल तर तृतीयक पिसे खाली घसरतात आणि पंखटोक आहे त्यापेक्षा लांब भासते. दुसरे, तृतीयक पिसे झिजलेली किंवा गळालेली असतील तरही तसेच होते, म्हणून त्यांच्या कडा अखंड आहेत का हे पाहावे. तिसरे कारण उलट दिशेने फसवते. या कुळातील पक्षी वीण संपल्यावर सर्व उड्डाणपिसे एकदमच टाकतात, आणि नवी पिसे पूर्ण वाढेपर्यंत छोट्या फटाकडीचे पंखटोकही आखूड दिसते. विणीच्या प्रदेशात उन्हाळ्याच्या अखेरीस दिसलेल्या प्रौढ पक्ष्याबाबत ही शंका नेहमी मनात ठेवावी.

तपासणी : एकाच पक्ष्याचे पंखटोक वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा मोजावे. तिन्ही वेळा उत्तर एकाच बाजूला झुकले तरच ते ग्राह्य धरावे.

पक्षी केवळ पाच-सहा सेकंदच दिसण्याची शक्यता असेल तर क्रम असा ठेवावा : प्रथम पंखटोक, मग कूस, मग चोचीचे मूळ. चेहरा आणि डोळा शेवटी. मानवी नजर आपोआप डोळ्याकडे जाते, आणि या पक्ष्याचा लालभडक डोळा तर नजर खिळवून ठेवतो. पण प्रौढ छोट्या आणि प्रौढ बेलॉनच्या, अशा दोन्ही फटाकड्यांचा डोळा लालच असतो, त्यामुळे त्यावर घालवलेले सेकंद वाया जातात.

टप्पा ६ : पाठ आणि कूस

पंखटोकाने दिलेले उत्तर आता रंगाने पडताळावे.

छोट्या फटाकडीची पाठ मातकट तपकिरी असून पिसांचे मध्य काळे असतात. पांढऱ्या खुणा थोड्या आणि मुख्यतः पाठीच्या मध्यभागी असतात, तर पंखाच्या आवरणपिसांवर, म्हणजे मिटलेल्या पंखाचा पुढचा भाग झाकणाऱ्या लहान पिसांवर, प्रौढ पक्ष्यात त्या जवळजवळ नसतात. तृतीयक आणि खांद्यावरच्या पिसांच्या फिकट कडा जुळून लांबट, फिकट रेषा तयार होतात आणि दुरूनही त्या पट्ट्यांसारख्या दिसतात. बेलॉनच्या फटाकडीची पाठ अधिक तांबूस असते आणि तिच्यावर काळ्या कडेचे पांढरे ठिपके, वेटोळी आणि वेड्यावाकड्या रेघा विखुरलेल्या असतात. त्या आवरणपिसांवरही पसरतात. या खुणांत कोणतीही शिस्त नसते, आणि पाहताना हीच बेशिस्त शोधावी.

कुशीवरच्या पट्ट्या किती ठळक आहेत यापेक्षा त्या कुठून सुरू होतात हे महत्त्वाचे. बेलॉनच्या फटाकडीत काळ्या-पांढऱ्या स्पष्ट पट्ट्या पायाच्या पुढूनच सुरू होतात आणि मागे शेपटीखालपर्यंत सलग जातात. छोट्या फटाकडीत पट्ट्या कुशीच्या मागच्या भागापुरत्या आणि बऱ्याचदा पुसट असतात, तर शेपटीखाली मात्र त्या ठळक होतात. म्हणून पाय हा खुणेचा दांडा समजून पट्ट्या त्याच्या पुढे आहेत की फक्त मागे, एवढे वहीत लिहावे.

नर-मादीचा फरक इथे मोठी मदत करतो. छोट्या फटाकडीचा नर खालून निळसर करडा, तर मादी खालून फिकट बदामी असते, तिचा चेहरा फिकट करडा आणि गळा पांढुरका असतो. बेलॉनच्या फटाकडीत नर आणि मादी जवळजवळ सारखेच, दोघेही करडे असतात. म्हणजे चोचीच्या मुळाशी लाल रंग असलेली, बदामी छातीची प्रौढ फटाकडी दिसली तर प्रश्न जवळपास सुटतो. करडी छाती दिसली तर काहीच सुटत नाही, आणि बहुतेक चुका नेमक्या करड्या पक्ष्यांबाबतच होतात.

बेलॉनच्या फटाकडीच्या पूर्वेकडील उपजातीत डोळ्यातून कानाकडे जाणारा तांबूस तपकिरी पट्टा असतो आणि पश्चिमेकडील उपजातीत तो नसतो. पट्टा दिसला तर तो उपयोगी पुरावा आहे, पण दिसला नाही म्हणून बेलॉनची फटाकडी वगळू नये.

सावधान : भिजलेल्या पिसांवरच्या पांढऱ्या खुणा पुसट होतात आणि पाठ गडद, एकसारखी दिसते. नुकत्याच पोहून किंवा आंघोळ करून आलेल्या बेलॉनच्या फटाकडीला याच कारणाने छोटी फटाकडी म्हटले जाते. पक्षी कोरडा होईपर्यंत थांबावे.

टप्पा ७ : चोच आणि पाय

प्रौढ छोट्या फटाकडीच्या हिरवट-पिवळसर चोचीच्या मुळाशी लाल रंग असतो. बेलॉनच्या फटाकडीची चोच मुळापर्यंत हिरवी असते. हे लक्षण सोपे असल्याने सर्वांना आवडते, आणि म्हणूनच त्याच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. लाल भाग लहान असतो आणि चिखलात टोचणाऱ्या पक्ष्याच्या चोचीवर चिखल बसला की तो झाकला जातो. सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या तांबूस उजेडात हिरवी चोचही मुळाशी तांबडी भासते. त्यामुळे लाल रंग ‘दिसला’ असे लिहिताना उजेड कसा होता हेही लिहावे, आणि उन्ह वर आल्यावर पुन्हा पाहावे.

पायांचा रंग दोन्हींत हिरवट छटांचा असतो आणि तो बदलता असतो. तो निर्णयासाठी वापरू नये.

टप्पा ८ : कोवळे पक्षी

शरद ऋतूपासून पुढे दिसणाऱ्या पक्ष्यांत कोवळ्यांची संख्या मोठी असते आणि सर्वाधिक अवघड ओळख त्यांचीच. कोवळ्या छोट्या फटाकडीच्या चोचीला लाल मूळ नसते किंवा अगदी अस्पष्ट असते. तिच्या आवरणपिसांवर पांढरे ठिपके असतात आणि कुशीवर पट्ट्याही असतात. म्हणजे टप्पा ६ आणि ७ मधील जवळजवळ प्रत्येक लक्षण तिला बेलॉनच्या फटाकडीकडे ढकलते. प्रौढांची चित्रे पाहून निघालेला निरीक्षक इथे हमखास चुकतो.

म्हणून पक्षी कोवळा आहे का हे आधी ठरवावे. डोळा लाल नसून तपकिरी किंवा मळकट असेल आणि खालची बाजू करडी नसून पांढुरकी-बदामी असेल, तर पक्षी कोवळा समजावा. मग चोच आणि ठिपके बाजूला ठेवून केवळ पंखटोक आणि शेपटीची लांबी यांवर भर द्यावा, कारण उड्डाणपिसे पूर्ण वाढल्यानंतर ही दोन लक्षणे वयानुसार बदलत नाहीत. पूरक म्हणून एवढे पाहावे : कोवळ्या छोट्या फटाकडीचा चेहरा आणि छाती फिकट असते, भुवई फिकट दिसते आणि पाठीवरच्या लांबट फिकट रेषा तिच्यातही असतात. कोवळ्या बेलॉनच्या फटाकडीच्या छातीच्या बाजूंवर आणि कुशीवर तपकिरी पट्ट्या अधिक दाट असतात आणि पाठीवरच्या खुणा वेटोळ्याच असतात.

पंखटोक दिसले नाही आणि पक्षी कोवळा आहे, अशी स्थिती असेल तर नाव देऊ नये. दुसरा मार्ग नाही.

टप्पा ९ : आवाज

विणीच्या काळात रात्री येणारा आवाज हा उत्तम पुरावा असतो, हिवाळ्यात मात्र हे पक्षी बहुतांश गप्प राहतात. छोट्या फटाकडीचा नर ‘क्वा... क्वा...’ असे सुटे स्वर काढतो, मग ते वेगाने येऊ लागतात, उतरत जातात आणि शेवटी अडखळल्यासारखे होतात. बेलॉनच्या फटाकडीचा आवाज म्हणजे दोन-तीन सेकंदांचा कोरडा खरखराट असतो, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा. बेडूक आणि एका बदकाचा नरही अगदी असाच आवाज काढतात, त्यामुळे केवळ ऐकून नोंद करताना ध्वनिमुद्रण असलेच पाहिजे. ठिपकेवाली फटाकडी ‘व्हिट’ असा तीव्र स्वर साधारण सेकंदाला एकदा, बराच वेळ काढत राहते. झेनो-कँटोसारख्या संग्रहावरील ध्वनिमुद्रणे घरी ऐकून ठेवावीत, पाणथळ जागेवर ती वाजवू नयेत.

टप्पा १० : छायाचित्र आणि चित्रफीत

छायाचित्र घेण्याआधी डोळ्यांनी पाहून घ्यावे, कारण पडद्यावर नजर असताना पंखटोक मोजले जात नाही. त्यानंतर पक्षी बाजूने चालत असताना सलग अनेक छायाचित्रे घ्यावीत. सुंदर चौकटीपेक्षा पंखाचा मागचा भाग स्पष्ट असलेली साधी चौकट अधिक मोलाची. पार्श्वभूमीला चमकणारा ओला चिखल असेल तर कॅमेरा पक्ष्याला काळा करून टाकतो, म्हणून उजेडाची मात्रा थोडी वाढवावी. शक्य असल्यास थोडी चित्रफीतही घ्यावी. चित्रफितीत पंख सैल आहेत की घट्ट मिटलेले, हे कळते, आणि एका छायाचित्रातून होणारी मोठी फसवणूक टळते.

रंगांचा गडदपणा वाढवून सुधारलेले छायाचित्र पुरावा म्हणून देऊ नये. त्यात चोचीचे मूळ लाल दिसू लागते. मूळ फाइल जपून ठेवावी.

टप्पा ११ : नोंद लिहिणे

पुस्तक किंवा मोबाइल उघडण्यापूर्वीच लिहावे. एकदा चित्र पाहिले की न पाहिलेली लक्षणेही आठवू लागतात, आणि हे प्रामाणिक माणसाच्याही बाबतीत घडते. उपयोगी नोंद कशी असते याचा नमुना पुढे दिला आहे :

“सूर्योदयानंतर अर्धा तास, उजेड मागून, ढग नाहीत. अंतर सुमारे २० मीटर. पक्षी पाणकणसाच्या कडेने डावीकडून उजवीकडे, दोन वेळा. शेजारच्या तुतवारीपेक्षा किंचित लहान. शेपटीखाली पट्ट्या. पंख घट्ट मिटलेले, तृतीयकांपलीकडे पाच टोके मोजली, दुसऱ्या वेळी सहा. पट्ट्या पायाच्या मागेच. छाती बदामी, गळा पांढुरका. चोचीचे मूळ लाल, चोच स्वच्छ. पाठीवर दोन फिकट लांब रेषा. डोळा लाल. पायांचा रंग नीट दिसला नाही.”

या नोंदीतील शेवटचे वाक्य तिला विश्वासार्ह बनवते. काय दिसले नाही हे लिहिलेली नोंद तपासणाऱ्याला सांगते की उरलेले खरोखर दिसले होते. याउलट “छोटी फटाकडी, सर्व लक्षणे स्पष्ट” ही नोंद कितीही अनुभवी व्यक्तीची असली तरी तपासता येत नाही.

त्यानंतर निर्णय घ्यावा. पंखटोक आणि आणखी निदान दोन लक्षणे एकाच बाजूने बोलत असतील तर नाव द्यावे. पंखटोक आणि रंग एकमेकांविरुद्ध जात असतील तर पिसांची गळती, वय आणि भिजलेपणा ही तीन कारणे पुन्हा तपासावीत, आणि तरीही मेळ बसला नाही तर ‘छोटी किंवा बेलॉनची फटाकडी’ असे लिहावे. ई-बर्डसारख्या नोंदवहीत अशी जोडनोंद करण्याची सोय असते आणि ती कमी दर्जाची मानली जात नाही. चुकीच्या नावाची एक नोंद मात्र नकाशावर वर्षानुवर्षे राहते आणि पुढच्या निरीक्षकाच्या अपेक्षेलाच वाकडे वळण लावते.

विणीच्या काळात नेमकी जागा जाहीर करू नये. नोंद तपासणाऱ्यांना ती द्यावी, इतरांना केवळ परिसर सांगावा, आणि पक्षी निघून गेल्यावर जागा खुली करावी. नंतर कोणी पुराव्यासह वेगळी ओळख सुचवली तर मूळ वर्णनाला हात न लावता फक्त पक्ष्याचे नाव बदलावे आणि बदलाचे कारण व तारीख त्याखाली लिहावी.